घाट, पाणी आणि तापलेले इंजिन
दुरुस्तीच्या ज्ञानाचा एक अलिखित इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वेगाच्या नोंदी मन लावून ठेवल्या आहेत. कोणती गाडी कोणत्या साली ताशी किती मैल धावली, कोणत्या शर्यतीत कोण जिंकले, कोणत्या कारखान्यातून किती गाड्या बाहेर पडल्या, हे सारे सापडते. पण त्याच गाड्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, वाफा सोडत उभ्या राहिल्या तेव्हा त्या पुन्हा चालू कुणी केल्या आणि कशा, याची नोंद जवळपास कुठेच नाही. कारखान्याला दप्तर असते. मिस्त्रीला नसते.

गेली काही वर्षे मी जुन्या मोटारींच्या दुरुस्तीचा इतिहास जमा करतो आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि रद्दीच्या दुकानांतून मिळालेल्या वर्कशॉप मॅन्युअल्स, सुट्या भागांच्या याद्या आणि निवृत्त मिस्त्रींशी झालेल्या गप्पा ही माझी साधने. मी इंजिनिअर नाही; वाचत, विचारत आणि हात काळे करत जे कळले तेवढेच माझे भांडवल. या लेखापुरता मी एकच प्रश्न घेतला आहे : जुन्या गाडीचे इंजिन तापते, तेव्हा दोष कुठे आहे हे माणसे कशी ओळखायला शिकली? या प्रश्नाच्या पोटात मोटारीचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आणि आपल्या घाटांचा, विहिरींचा भूगोल असे दोन्ही दडलेले आहे, हे शोधता शोधता लक्षात येत गेले.

उष्णतेचा जमाखर्च

आधी साधा हिशेब. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात इंधनातून जेवढी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग, किंवा त्याहूनही कमी, चाके फिरवायला उपयोगी पडतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली सिलिंडरच्या भिंतींत शिरते आणि ती तिथून काढून नेली नाही, तर पिस्टन फुगून अडकतो. म्हणजे इंजिन ‘तापणे’ हा बिघाड नव्हे, तो त्याचा धर्म आहे. जमा होणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ बसेनासा होतो, तेव्हा त्याला आपण बिघाड म्हणतो.

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट नोंदवले. त्या गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी असे, ते उकळे, वाफ होऊन उडून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. पाण्याची वाफ होताना ते प्रचंड उष्णता शोषते, त्यामुळे ही युक्ती कामाची होती. पण पाणी सतत संपत राही. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर गेल्या. मोटारीतला हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. त्यांनी टोपीच्या पिनेने इंधनाची नळी साफ केली, वीझलॉखच्या औषधी दुकानातून इंधन घेतले, या गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. वाटेत त्यांना पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले आणि चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, हे मात्र ओझरते येते. माझ्या दृष्टीने तीच मुख्य गोष्ट आहे. चढ आणि पाणी, हे दोन्ही प्रश्न पहिल्याच प्रवासात पुढे उभे राहिले.

या प्रश्नाचे मोठे उत्तर विल्हेल्म मायबाख यांनी दिले. १९०० च्या डिसेंबरमध्ये डाइमलरच्या कारखान्यातून एमिल येलिनेक यांच्यासाठी जी ३५ अश्वशक्तीची ‘मर्सिडीज’ बाहेर पडली, तिच्या पुढच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती. सहा मिलिमीटर चौकोनाच्या ८०७० बारीक नळ्या एकत्र जोडून ती केली होती. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांच्या फटींतून पाणी. हवेला स्पर्श होणारे क्षेत्रफळ इतके वाढले की, ते जोरकस इंजिन थंड राखायला नऊ लिटर पाणी पुरू लागले. आज आपण ज्याला रेडिएटरची जाळी म्हणतो, तिचा जन्म हा असा.

पुढची पायरी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची. १९०८ मध्ये आलेल्या या गाडीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार नगांना पाण्याचा पंप होता. नंतर फोर्डने तो काढूनच टाकला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार झालेले जड होऊन खाली उतरते; या नैसर्गिक फेऱ्यावर, म्हणजे थर्मोसायफनवर, पुढच्या दीड कोटी गाड्या चालल्या. पंप नाही म्हणजे पंप बिघडण्याचा प्रश्न नाही. मात्र पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की फेरा तुटतो आणि इंजिन तापते. पाणी तपासत राहा, हा मोटारवाल्यांचा जुना दंडक या काळात पक्का झाला असणार.

पाण्याची कटकटच नको, असाही प्रयत्न झाला. चार्ल्स केटरिंग यांच्या देखरेखीखाली शेव्हरोलेने १९२३ मध्ये तांब्याच्या पंखांनी, नुसत्या हवेवर थंड होणारी मोटार काढली. जेमतेम ७५९ गाड्या तयार झाल्या. गरम हवामानात त्या दम टाकू लागल्या आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या.

त्यानंतर आले थर्मोस्टॅट आणि दाबाचे झाकण. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवान. इंजिन गार असताना तो वाट बंद ठेवतो, म्हणजे ते लवकर तापून कामाच्या तापमानाला येते. ठरलेल्या तापमानाला तो वाट उघडतो. आरंभी त्यात धातूची घडीदार डबी असे. १९३० नंतरच्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणावर चालणारा थर्मोस्टॅट विकसित केला. मेण वितळताना फुगते आणि झडप उघडते. डबीला भोक पडले तर ती सहसा उघडी राही. मेणाचा थर्मोस्टॅट मात्र बहुधा बंद अवस्थेत मरतो. दाबाच्या झाकणाचे काम वेगळे. चौरस इंचाला सात पौंडांचा दाब धरणारे झाकण समुद्रसपाटीला पाण्याचा उत्कलनबिंदू शंभरावरून सुमारे १११ अंशांवर नेते.

हा क्रम मुद्दाम सविस्तर मांडला. जाळी, पंप, पंखा, थर्मोस्टॅट, झाकण यांतला प्रत्येक भाग आधीच्या एका अडचणीवर तोड म्हणून आला आणि येताना बिघडण्याची एक नवी जागा घेऊन आला. जुनी गाडी तपासणारा मिस्त्री खरे तर हा इतिहासच चाचपून पाहत असतो.

विहिरीवरचे इंजिन, कुर्ल्याची मोटार

महाराष्ट्राच्या खेड्याने इंजिनाचे पाणी पहिल्यांदा पाहिले ते बहुधा मोटारीत नव्हे, विहिरीच्या काठावर. साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरच्या अशा इंजिनाला थंड ठेवण्याची सोय साधी होती. पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनाभोवती फिरवून पाटात सोडायची, नाहीतर शेजारी पाण्याचे पिंप उभे करून थर्मोसायफनवर काम भागवायचे. बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरून इंजिनाची प्रकृती ओळखणारा शेतकरी नकळत निदानच करत होता. धार कोमट असेल तर ठीक. हात पोळला तर पाणी कुठेतरी अडले आहे. मला भेटलेल्या जुन्या मिस्त्रींपैकी अनेकांनी पहिला पाना याच इंजिनांवर धरला होता.

मोटारींची गोष्ट निराळी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याला मोटारी जुळू लागल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे एसटीच्या आगारांनी आणि दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळांनी कारागिरांच्या पिढ्या घडवल्या. मग १९५३-५४ च्या सुमारास सरकारी धोरण बदलले. देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या, नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र इथेच राहिल्या.

इथून दुरुस्तीची आपली रीत घडली. सुटा भाग मिळणार नाही, आहे तोच चालवायचा. रेडिएटर गळला तर वरची टाकी उकलून, नळ्यांतून बारीक पट्ट्या फिरवून साका काढायचा, गळक्या नळीला डाख द्यायचा आणि टाकी पुन्हा बसवायची. तांब्या-पितळेची जाळी हे सहन करी. रस्त्यात बारीक गळती लागली तर पाण्यात मूठभर हळद टाकायची. ती फटीत जाऊन फुगते आणि गावापर्यंत पोचवते. तीच हळद पुढे बारीक नळ्याही बुजवते, हेही मिस्त्री लोक जाणून असत.

पाण्याचाही प्रश्न होता. युरोपातल्या मॅन्युअलमध्ये पाणी गोठू नये म्हणून काय करावे, यावर पानेच्या पाने आहेत. आपल्याकडे ती पाने निरुपयोगी. आपले दुखणे विहिरीच्या जड पाण्याचे. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी तापले की त्यातले क्षार भांड्याला बसतात तसे इंजिनाच्या आत बसतात. विदर्भात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात तर पाणी पिण्यालाही जड. क्षाराच्या थरातून उष्णता लोखंडाच्या तुलनेत फारच हळू जाते. त्यामुळे रेडिएटर नवा बसवूनही इंजिन तापत राहते, कारण उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. त्यात उकळून उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा विहिरीचेच पाणी भरले की क्षाराचा नवा हप्ता जमा होतो. गाडी जितकी उकळते तितकी अधिक उकळण्याजोगी होते.

घाट

तापलेल्या गाडीची खरी परीक्षा घाटात. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहतुकीला खुला झाला, तेव्हा चढाचा हिशेब बैलांच्या दमावर होता. मोटारींनाही त्याच डोंगरातून वर यावे लागले. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, इंधन भरपूर जळते, पण गाडीचा वेग बैलगाडीच्या तिप्पट-चौपट. समोरून येणारा वारा जवळजवळ नाही. सारी भिस्त पंख्यावर.

त्यात वाऱ्याची दिशा. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. कोकणातून देशावर चढणारी गाडी त्याच दिशेने जात असते. गाडीचा आणि वाऱ्याचा वेग सारखा झाला, तर रेडिएटरपुढची हवा थबकल्यासारखी होते. जुने चालक गाडी गार करायला वळणावर थांबत, तेव्हा शक्यतो तिचे तोंड खालच्या दरीकडे, वाऱ्याकडे करत. कारण विचारले तर ‘पद्धत आहे’ असे उत्तर मिळे. पद्धतीमागे भौतिकशास्त्र होते.

उंचीनेही भर पडते. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. लोणावळ्याला तो साधारण ९८, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांच्या आसपास. म्हणजे चढ संपत येतो, इंजिन सर्वांत तापलेले असते, नेमके तेव्हा पाणी लवकर उकळायला तयार असते. झाकणाचे रबर कडक होऊन दाब निसटत असेल, तर हातची ती दहा-अकरा अंशांची शिल्लकही जाते. संपूर्ण यंत्रणेतला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि बहुतेकांच्या नजरेतून सर्वांत शेवटपर्यंत सुटणारा.

‘कधी तापते?’

जाणत्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न काय बिघडले आहे, हा नसतो. गाडी कधी तापते, हा असतो. सिग्नलला? सपाटीवर पळवताना? घाटात? की सुरू केल्यावर दोन मिनिटांत? या एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र पाव होते.

शहराच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर वाऱ्याचा दोष. पंख्याचा पट्टा सैल आहे का, पंख्याभोवतीचे आवरण कुणी काढून टाकले आहे का, जाळीत चिखल आणि किडे भरले आहेत का, आणि मागच्या दुरुस्तीत पंखा उलटा तर बसवला नाही ना, हे पाहायचे.

उलट, गर्दीत ठीक आणि वेगात तापते, तर पाण्याच्या वाहण्याचा दोष. नळ्या बुजल्या असतील, किंवा खालचा होज पाइप मऊ पडला असेल. पंप या पाइपमधून पाणी ओढतो. त्याला आतून आधार देणारी स्प्रिंग गंजून गेली असेल, तर रेस वाढवताच पाइप चपटा होतो. बॉनेट उघडून, कुणाला तरी रेस द्यायला सांगून, डोळ्यांनी पाहायची ही गोष्ट. गाडी उभी असताना पाइप अगदी निर्दोष दिसतो.

फक्त चढावर तापते, तर उष्णता जास्त तयार होत असण्याची शंका घ्यायची. ठिणगी उशिरा पडते, म्हणजे टायमिंग मागे पडले आहे, तर पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहून उष्णता भिंतींत आणि एक्झॉस्टच्या वाटेत जाते. कार्बुरेटरचे मिश्रण पातळ, क्लच घसरतो, ब्रेक चाकाला धरून राहतात, ही सारी कारणे रेडिएटरपासून दूर आहेत. रेडिएटर बदलूनही तापणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे मूळ इथे सापडते.

इंजिन पुरते तापण्याच्या आतच पाइप कडक होतात, रेडिएटरचे तोंड उघडे ठेवून इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ दिसते, चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, अशी लक्षणे दिसली तर हेड गॅस्केट गेले. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे.

यानंतर हात. वरचा पाइप गार आणि इंजिन तापलेले, तर थर्मोस्टॅट बंद किंवा पंप निकामी. वरचा कढत आणि खालचा अगदी गार, तर पाणी मध्ये अडते आहे. दोन्ही सारखेच कढत, तर पाणी फिरते आहे, पण जाळी उष्णता टाकत नाही. जाळीवरून हात फिरवताना मध्येच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या बुजलेल्या. विहिरीच्या धारेखाली हात धरण्याचीच ही पुढची इयत्ता.

काट्यावर मात्र आंधळा विश्वास नाही. पाणी खूप उतरले की काट्याची घुंडी कोरडी पडते आणि काटा खाली येतो. चालकाला वाटते गाडी निवली. वर चढलेला काटा अचानक उतरला तर लगेच थांबा, हा नियम मला कोणत्याही मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत आढळला नाही. मिस्त्रींच्या तोंडून मात्र वारंवार ऐकला. थांबल्यावरही इंजिन लगेच बंद करायचे नाही, कारण पंप थांबला की साठलेली उष्णता जागच्या जागी पाणी उकळवते. झाकण तापलेले असताना उघडायचे नाही. गार पाणी एकदम ओतायचे नाही. ओतीव लोखंड तडकते.

दरवान काढून टाकला, त्याची गोष्ट

आपल्या गॅरेजांवर एक आरोप नेहमी होतो : गाडी तापली की हे लोक थर्मोस्टॅट काढून फेकतात. आरोप खरा आहे. मी उघडलेल्या जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅट जागेवर असलेले थोडेच. पण याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

थर्मोस्टॅट ही मुख्यतः थंड देशाची गरज. जड पाण्याने त्याची झडप चिकटते, मेणाचा असेल तर तो बहुधा बंद होऊनच मरतो, आणि नवा मिळेलच याची शाश्वती नाही. भर घाटात बंद पडलेल्या दरवानापेक्षा दरवान नसलेले दार बरे, हा निर्णय त्या परिस्थितीत विचारी होता. आणि ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या इंजिनांसाठी, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्या घराण्यासाठी, थर्मोस्टॅटच्या जागी बसवायची एक पोकळ नळी मिळत असे. म्हणजे उष्ण हवेत आणि शर्यतीत थर्मोस्टॅट काढण्याची रीत खुद्द विलायतेलाही ठाऊक होती.

नळीचे कारण महत्त्वाचे आहे. इंजिनात रेडिएटरला वळसा घालणारी एक आडवाटही असते. थर्मोस्टॅट नुसता काढला तर काही पाणी आडवाटेनेच फिरत राहते, जाळीपर्यंत जातच नाही. नळी ती आडवाट झाकते. मी पाहिलेल्या गॅरेजांत काढण्याची कृती पोचली होती, नळी क्वचितच. शिवाय दरवानाविना इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा येते, पेट्रोल जास्त खाते, सिलिंडर लवकर झिजतात. आणि बुजलेल्या जाळीसारखा मूळ दोष काही महिने झाकला जातो. ज्ञान अर्धे पोचले, तर त्याची किंमत कुणाला तरी हप्त्याहप्त्याने भरावी लागते. इथे ती गाडीवाल्याने भरली.

अशा ज्ञानाचे पुढे काय होणार, ही माझी खरी काळजी आहे. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, अ‍ॅम्बॅसेडरचे २०१४ मध्ये. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. नव्या गाडीत पंखा विजेवर फिरतो, बिघाड संगणक सांगतो, भाग बदलला जातो. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. घाटात वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या आज विरळा दिसतात, हे त्याचेच श्रेय. पण ‘कधी?’ या प्रश्नापासून सुरुवात करून, कान, हात आणि क्रम यांच्या आधाराने दोषापर्यंत जाण्याची जी रीत आपल्याकडे तीन पिढ्यांनी घडवली, ती लिहिली गेली नाही. ज्यांच्याकडे ती आहे ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांची गॅरेजे बंद होत आहेत.

गावोगावच्या महाविद्यालयांत स्थानिक इतिहासाचे प्रकल्प होतात. त्यांत किल्ले, देवळे, वाडे यांच्याबरोबर गावातल्या एका जुन्या मिस्त्रीचीही जागा असावी. विद्यार्थ्याने वही घेऊन जावे आणि कोणती गाडी कोणत्या घाटात का तापे, एवढेच विचारावे. उत्तरात गावच्या विहिरीचे पाणी येईल, रस्त्याचा चढ येईल, न मिळालेले सुटे भाग येतील. हे दप्तर अजून लिहून घेता येण्यासारखे आहे.